नकाशाच्या पुढचं घर

ताईने बेल वाजवली नाही, दार वाजवलं, तेही तळहाताने. इंजिनिअर अर्ध्या गालाला साबण लावून दार उघडायला गेला, तर त्याची थोरली बहीण उंबऱ्यात दोन बॅगा, एक लाकडी पट्टी आणि एक बादली घेऊन उभी.

"बादली कशाला गं?"

"घरात तेवढीच एक वस्तू कोरडी राहिली होती," ताई म्हणाली आणि त्याला बाजूला सारून आत आली. "बाथरूमच्या जाळीतून ड्रेनेजचं पाणी वर येतंय. अख्ख्या गल्लीचं! तळमजल्यावर राहते म्हणून पहिला मान माझा. तुझं ते केंद्र सुरू झालं आणि माझं घर बंद पडलं. आता ते नीट होईपर्यंत मी इथेच."

ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. एकटी राहायची आणि त्यात खूश होती. इंजिनिअर शहराच्या ड्रेनेज खात्यात नियोजन बघायचा. सगळ्या शहराचं सांडपाणी लांबवरच्या एकाच मोठ्या केंद्रावर नेण्याऐवजी ते वस्तीतच लाइनीतून उचलावं, तिथेच शुद्ध करावं आणि तिथल्याच बागेला द्यावं, यासाठी त्याने अर्धं आयुष्य भांडण्यात घालवलं होतं. कल्पना उत्तम होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही. पहिलं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि त्याबद्दल कुणी ब्र काढलेला त्याला खपत नसे. ऑफिसात त्याला पाठीमागे 'तवा' म्हणत, कारण तापायला क्षणही लागत नसे आणि निवायला संध्याकाळ होई.

"ताई, केंद्रामुळे खालच्या लाइनीवरचा भार उलट निम्मा झालाय! तुंबायचा प्रश्नच येत नाही."

"मग माझ्याकडे वर आलं ते काय?"

"ते खालच्या विभागाचं आहे."

"वास तर तुझ्याच विभागाचा येतो," ताई म्हणाली.

घरात बाथरूम एक. वापरणारे आतापर्यंत चार होते: तो, बायको आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. ताईने दुसऱ्याच दिवशी कारभार हाती घेतला. आत कोणी जरा रेंगाळलं की बाहेरून पट्टी वाजे आणि "आवरा!" असा आवाज येई. मोठ्या मुलीच्या डोक्याला शाम्पू तसाच राहिला. इंजिनिअर तर दोनदा अर्धी दाढी घेऊन ऑफिसला गेला.

"ताईंनी कितीही दिवस राहावं, माझं काहीच म्हणणं नाही," बायको म्हणाली. तिचं काहीच म्हणणं नसतं तेव्हा काय समजायचं, ते त्याला लग्नापासून ठाऊक होतं. "फक्त आज मी तोंड न धुता मीटिंगला चाललेय. तेवढं तुमच्या केंद्रात कळवा."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात पोचताच तो जिना उतरून तडक खालच्या विभागात, म्हणजे केंद्राच्या पुढची लाइन बघणाऱ्यांकडे गेला. तिथल्या इंजिनिअरला 'झाकण' म्हणत, कारण कुठलाही विषय निघाला की तो बंद करायची त्याला घाई असे. आज मात्र झाकण उडालेलंच होतं.

"ये, ये! तुझीच वाट बघत होतो! अरे, लाइनीतलं पाणी तू वर उचलून घेतोस आणि गाळ तेवढा माझ्याकडे पाठवतोस. तो काय पायी चालत जाणार? त्याला ढकलायला पाणी नको?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? काढ तुझा नकाशा!"

त्या ऑफिसची एक रीत होती. प्रत्येक विभागाने आपापला नकाशा काढायचा आणि दुसऱ्याच्या नकाशात डोकावायचं नाही. डोकावणं म्हणजे परक्याच्या ताटात हात घालणं. त्यामुळे तव्याच्या नकाशात केंद्र होतं, बाग होती, बागेतली बाकडीसुद्धा होती. केंद्राच्या पुढे मात्र कोरा कागद होता. झाकणाने आपला नकाशा त्याला जोडून धरला. कडेपासून तीन बोटांवर ताईची गल्ली होती.

तवा पेपरवेट टेबलावर आपटून म्हणाला, "हे कुणीतरी आधी बघायला हवं होतं!" कुणी, ते दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच दोघे आणखी चिडले आणि हातात हात घालून भांडत मोठ्या साहेबांकडे गेले.

"केंद्र थोडे दिवस बंद ठेवू, साहेब," झाकण म्हणाला.

"बंद? वेड लागलंय का? लोक लांबून बघायला येतायत. लाइनीला पाणी कमी पडतंय ना? मग टँकर ओता!"

साहेबांच्या हुकमाने पिण्याच्या पाण्याचा टँकर ताईच्या गल्लीत आला आणि चेंबर उघडून पाणी ओतू लागला. गल्लीला नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं. लोक आधी बघत राहिले, मग हंडे, बादल्या, पातेली घेऊन धावले. टँकरवाल्याला कुणी शिव्या देत होतं, कुणी त्याच्याच हातात हंडा देत होतं. शेवटी पाणी घरोघरी गेलं, चेंबरसाठी एक थेंबही उरला नाही आणि टँकरवाला पाइप तिथेच टाकून पळाला.

तिकडे बागेचा माळी तावातावाने ऑफिसात आला. "बास करा तुमचं पाणी! बागेचा चिखल झालाय. काल एक आजोबा बाकड्यासकट रुतले!"

हे ऐकून तवा आणि झाकण यांनी प्रथमच एकमेकांकडे न चिडता पाहिलं. इथे पाणी नको झालंय, तिथे पाणी हवंय. दोनच दिवसांत केंद्रातून बागेकडे जाणारा पाइप पुढच्याच चेंबरमध्ये सोडण्यात आला. गाळ हलला, लाइन मोकळी झाली. इंजिनिअर ताईच्या बॅगा घेऊन तिला घरी सोडायला निघाला. वाटेत ताई त्या पाइपापाशी थांबली.

"म्हणजे या चेंबरमधून घाण पाणी काढायचं, एवढी वीज जाळून ते धुवायचं आणि त्या चेंबरमध्ये परत घाणीत ओतायचं?"

"तात्पुरतं आहे, ताई."

"माझ्या शाळेत असं गणित सोडवणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं."

त्याने बॅगा या हातातून त्या हातात घेतल्या आणि पाय आपटत पुढे निघाला.

महिन्याच्या अहवालात 'शुद्ध केलेल्या पाण्यापैकी किती पाणी पुन्हा वापरलं' असा एक रकाना होता. झाकणाने त्यात खरं तेच लिहिलं: सगळं, गाळ ढकलायला. मोठ्या साहेबांनी तव्याला बोलावून त्याची पाठ थोपटली.

"शंभर टक्के! एवढं कुणालाच जमलेलं नाही. दुसरं केंद्रही मंजूर झालंय, तुमच्याच भागात. आणि या वेळी पाणी असं वाया नाही घालवायचं. केंद्रासमोरच्या उंच इमारतीचा मोठा एसी थंड ठेवायला सगळं पाणी कबूल केलंय मी. थेंब न् थेंब."

साहेबांनी टेबलावर नवा नकाशा पसरला. तव्याने पाहिलं, नकाशा त्याच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी संपत होता.

"साहेब, याच्या पुढे माझं घर आहे! सगळं पाणी उचललंत तर लाइन तुंबणार!"

"या नकाशात आहे का तुमचं घर?"

"नाही, पुढच्या नकाशात आहे, पण..."

"मग तो पुढच्या विभागाचा प्रश्न आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि हे बघा, तुमचंच तर म्हणणं होतं ना, केंद्रामुळे खालचा भार निम्मा होतो म्हणून?"

तवा त्या दिवशी इतका तापला की संध्याकाळ झाली तरी निवला नाही. त्याने पत्रं लिहिली, आरडाओरडा केला, झाकणालाही सोबत नेलं. केंद्र ठरल्या दिवशी सुरू झालं.

पुढच्या आठवड्यात ताईच्या दारावर तळहाताने थापा पडल्या. तिने दार उघडलं. उंबऱ्यात इंजिनिअर, त्याची बायको, दोन मुली, चार बॅगा आणि एक बादली. ताईने बादलीकडे पाहिलं.

"चपला बाहेर," ती म्हणाली. "आणि ओळीत उभे राहा. बाथरूम एकच आहे."

मग ती पट्टी आणायला आत गेली.