बत्तीस घरांचा राजीनामा

वस्तीचा कारभार रहिवाशांनी मिळून चालवला तरच वस्ती टिकते, यावर हणमंतरावांची अढळ श्रद्धा होती. त्या श्रद्धेपोटीच हैदराबादेत विद्यानगरच्या अंगाला वसलेल्या बत्तीस घरांच्या कॉलनीचा कारभार गेली सहा वर्षं सेक्रेटरी म्हणून ते एकट्याने चालवत होते.

सभा ते दरमहा घेत. कोरम अकराचा होता. सभेला ते स्वतः येत, आणि कधीमधी भागूबाईंची शेळी येई, कारण सतरंजी चिंचेखाली अंथरलेली असे. पंधरा मिनिटांनी कोरमअभावी सभा तहकूब होई आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही या नियमाने जागच्या जागी पुन्हा भरे. सगळे ठराव एकमताने मंजूर होत. रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत, हा त्यातलाच एक. पण खरी सत्ता होती पाण्याची. कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हची हातभर लोखंडी किल्ली हणमंतरावांपाशी असे. सकाळी पाचला ते ती फिरवत आणि सातच्या ठोक्याला उलटी फिरवत. सातनंतर डोक्याला शिकेकाई लावून बसलेली माणसं त्यांना उद्देशून काय बोलत, ते त्यांना ऐकू येत नसे. कानाला मफलर असे.

छप्पन सालचा ऑक्टोबर लागला. जुनं हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे व्हायचे होते, आणि भांड्याकुंड्यांसारखी नोकरमाणसंही वाट्यात निघत होती. हणमंतराव अदालतीत कारकून, शिकलेले उर्दूत, पण मूळ गाव नांदेडकडचं, म्हणून मुंबई राज्याच्या वाट्याला गेले. एक नोव्हेंबरला औरंगाबादेस हजर व्हावं, असा हुकूम आला. अठ्ठावीस वर्षं या शहरात काढलेली, स्वतः उभं राहून बांधलेलं घर. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी त्यांनी अर्ज लिहिला की, आपण गेल्यास बत्तीस घरांचं पाणी बंद पडेल, सबब इथेच ठेवावं.

कचेरीचं उत्तर आलं: रहिवाशांचं तसं म्हणणं असल्यास सर्वांच्या सह्यांचा कागद आठवड्यात आणावा.

हणमंतरावांनी कागद केला. उर्दू आता चालत नव्हती, म्हणून बाळबोधीत केला. अदालतीत दोन्ही बाजू एखाद्या गोष्टीला राजी झाल्या की जो कागद होतो, त्याला राजीनामा म्हणतात, हे अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हाडात मुरलेलं. तेव्हा वर ठळक अक्षरांत त्यांनी लिहिलं ‘राजीनामा’, आणि खाली, ‘हणमंतराव यांच्या सेक्रेटरीपणाबद्दल आम्ही तमाम मेंबर आपखुशीने हा राजीनामा करून देतो.’

शाई वाळेपर्यंत कागद टेबलावर होता. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई नारायणगुड्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांनी जाता जाता मथळा वाचला आणि लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधायला बसल्या. दिवाळीची आवराआवर चालली असेल, असं हणमंतरावांना वाटलं.

मग ते सह्यांना निघाले. आजवर त्यांची चाहूल लागली की दारं लागत. आज पहिल्याच दारात वाचता वाचता माणसाचा चेहरा उजळला आणि आतून चहा आला. दुसऱ्या घरी पोहे. भागूबाईंना वाचता येत नव्हतं, शेजारणीने मोठ्याने वाचून दाखवलं, तर त्यांनी एकदा अंगठा उठवला आणि नीट उमटला नसेल म्हणून आणखी एकदा उठवला. कॉलनीचे अध्यक्ष एकनाथराव सहा वर्षांत एकाही सभेला आले नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि हणमंतरावांचा हात हातात घेतला.

“हणमंतराव, एवढा मोठेपणा तुमच्यात असेल असं वाटलं नव्हतं हो.”

“मी कोण? लोकांची मर्जी.”

“हौ, मर्जी तर पहिल्यापासून होतीच. कुणी बोलत नव्हतं इतकंच.”

दुपारच्या जेवणाआधी एकतीस घरांच्या सह्या झाल्या. घरी येऊन हणमंतरावांनी डोळे पुसले. लोक इतकं प्रेम करतात आणि दाखवत नाहीत, असं ते म्हणाले. सावित्रीबाई ट्रंक उतरवत होत्या. त्या म्हणाल्या, “चला, एकदाचं सुटलं.” बहिणीला औरंगाबादेस पत्र त्यांनी आदल्या दिवशीच टाकलं होतं.

कचेरीत नवे साहेब कर्नूलहून आले होते. त्यांना मराठी येत नव्हती. सगळ्या कागदात त्यांना एकच शब्द कळला, कारण तो तेलुगूतही तसाच आहे आणि अर्थ राजीनाम्याचाच आहे. उरलेलं एका मराठी कारकुनाने इंग्रजीत सांगितलं, आणि त्यालाही तो शब्द तसाच कळला. साहेब कळवळले. कर्तव्यासाठी सेक्रेटरीपद सोडलंत, आणि तेही सर्वांच्या संमतीनं. आता अडचण उरली नाही, म्हणाले. अर्ज फेटाळल्याचा शिक्का स्वतः मारून त्यांनी हस्तांदोलन केलं. हणमंतरावांनी उर्दूत खुलासा सुरू केला, तेव्हा पुढचा माणूस खुर्चीवर बसलाही होता.

एकच मार्ग राहिला होता. सभा. रहिवाशांनी नवा कागद करून द्यावा, म्हणून त्यांनी चिंचेखाली सतरंजी घातली आणि घरोघरी तातडीची नोटीस फिरवली.

एकतीसच्या एकतीस घरं आली. सतरंजी पुरेना, लोक उभे राहिले. एकनाथरावांच्या हातात हार होता.

हणमंतराव उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, “मंडळी, एक गैरसमज झालाय. राजीनामा म्हणजे तुम्हाला वाटतं ते नव्हे. राजी असणं, असा त्याचा अर्थ आहे.”

“आम्ही सगळे राजीच आहोत की,” एकनाथराव म्हणाले, आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

हणमंतरावांनी समोर पाहिलं. सहा वर्षं ज्या कोरमची वाट पाहिली, तो तिपटीने भरला होता. त्या सगळ्या आनंदी तोंडांवरून त्यांची नजर फिरत गेली आणि मग त्यांना कळलं. सगळंच कळलं. त्यांनी मान खाली केली. हार गळ्यात पडला. शेळीने त्यातलं एक फूल ओढलं, कुणी हाकललं नाही.

एक तारखेला ते औरंगाबादेस हजर झाले. आठवड्याने ट्रंकेच्या तळाशी, धोतरात गुंडाळलेली ती लोखंडी किल्ली निघाली. हणमंतरावांनी दिवस मोजले. बत्तीस घरं आठ दिवस पाण्यावाचून. मनाच्या एका कोपऱ्यात थोडं बरंही वाटलं. किल्ली उद्याच्या पार्सलाने पाठवतो, तोवर माणसांनी धीर धरावा, असं पत्र त्यांनी एकनाथरावांना त्याच दिवशी टाकलं.

उलट टपाली कार्ड आलं.

‘किल्ली ठेवून घ्या. नळवाल्याला बोलावून दाखवलं. व्हॉल्व्हचे आटे कैक वर्षांपूर्वीच झिजून गेलेले आहेत, तो नुसताच फिरतो. पाणी पाचला येतं आणि सातला जातं.’