दवाखान्यातला पिवळा प्रिंटर

"प्रिंटरचं तुम्ही माझ्यावर सोडा, जावईबापू," सासरे म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात निवृत्त होण्यापूर्वीचा साहेब बोलत होता. "अख्खी नोकरी ऑफिसात गेली माझी. असले प्रिंटर मी नुसत्या नजरेने सरळ केलेत."

जावई दातांचा डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून त्याने दोन खोल्यांचा स्वतःचा दवाखाना थाटला होता. आतल्या खोलीत पेशंटची खुर्ची, बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचं टेबल, आणि टेबलावर कोरा करकरीत रंगीत लेझर प्रिंटर. दवाखाना उघडल्यापासून एकही पेशंट फिरकला नव्हता. आता सगळी भिस्त एका पत्रकावर होती. उद्या सकाळी पेपरवाला ते घरोघरी टाकणार होता. ते वाचूनही कोणी आलं नाही, तर जावयाला खाल मानेने परत हॉस्पिटलात जावं लागणार होतं.

पत्रकावर वरच्या बाजूला डॉक्टरांचा फोटो होता आणि खाली एक भलंमोठं हसू. ते हसू सासऱ्यांचं. "परका माणूस कशाला हवा? या वयात माझा एक दात हललेला नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर बत्तिशी दाखवली होती. जावयाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि "बरं, बाबा" म्हणून विषय संपवला.

पहिला कागद बाहेर आला. जावई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"बाबा, रंग जरा पिवळट वाटतो का हो?"

"कशाचा?"

"म्हणजे... दातांचा."

सासऱ्यांनी कागद खिडकीपाशी नेला. दात पिवळे! पिवळट वगैरे नाही, चांगले पिवळेजर्द. त्यांचं डोकंच फिरलं. दातांच्या दवाखान्याचं पत्रक आणि त्यावर असले दात?

"नवा प्रिंटर आणि ही तऱ्हा!"

"हो ना," जावई घाईघाईने म्हणाला. "प्रिंटरचंच असणार काहीतरी. आपण असं करू, ते हसूच काढून टाकू."

"का म्हणून? चूक प्रिंटरची आणि शिक्षा माझ्या दातांना? तुम्ही बोर्डवाल्याकडे जाऊन या. मी बघतो याच्याकडे."

आणि सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. आधी प्रिंटरचं पोट उघडलं. आत काळा, निळा, गुलाबी आणि पिवळा असे रंगांचे चार टोनर शहाण्यासारखे ओळीत बसले होते. सासऱ्यांनी पिवळ्याला बाहेर ओढून असं गदागदा हलवलं, की त्याने शर्टावर पिवळी भुकटी सोडून निषेध नोंदवला. मग कागद बदलला. मग रंग जुळवायचं बटण दाबलं. प्रिंटर कण्हला, कुंथला आणि चारी रंगांचे स्वच्छ पट्टे छापून मोकळा झाला. पट्टे देखणे, डॉक्टरांचा चेहरा देखणा, दात मात्र पिवळेच. शेवटी त्यांनी कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला.

"तुमचा प्रिंटर पिवळं छापतोय."

"सगळंच पिवळं येतंय का, साहेब?"

"नाही. फक्त दात."

"फोटोत अजून काय आहे?"

"डॉक्टर आहेत. पांढऱ्या कोटात."

"कोट पांढरा आलाय?"

"शुभ्र."

"मग प्रिंटर ठीक आहे, साहेब. मूळ फोटो तपासा."

"मूळ फोटो माझा आहे!" सासरे गरजले आणि त्यांनी फोन आदळला. ग्राहकाच्या तोंडावर असं बोलायचं म्हणजे काय? चोर तो चोर, वर शिरजोर. यांच्या भरवशावर बसण्यात अर्थच नव्हता.

कॉम्प्युटरवर रंग कमीजास्त करायची सोय होती. सासऱ्यांनी पिवळा थोडा कमी केला. दात जरा सुधारले. आणखी कमी केला. मग जिद्दीला पेटून पिवळा पार तळाला नेऊन ठेवला, आणि काय सांगू, दात मोत्यासारखे चमकले. सासऱ्यांना भरून आलं. त्यांनी गठ्ठाच्या गठ्ठा छापला, जावई परतायच्या आत पेपरवाल्याच्या हवाली केला, आणि त्या रात्री ते गाढ झोपले.

सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच फोन वाजला. सासऱ्यांनी जावयाकडे बघून भुवया उडवल्या आणि रिसिव्हर उचलला.

"डॉक्टर कसे आहेत?"

"उत्तम. कधीची वेळ देऊ?"

"नाही, फोटो बघितला म्हणून विचारलं. काळजी घ्या म्हणावं."

दुसऱ्याने डॉक्टरांना दम्याचा त्रास कधीपासून आहे ते विचारलं. तिसऱ्या बाईंचा तर आवाजच दाटून आला होता. "फार वाईट झालं हो. वय तरी काय होतं?"

"बाई, हे उद्घाटनाचं पत्रक आहे."

"अगंबाई! मग 'मनमिळाऊ आणि सदा हसतमुख' असं का लिहिलंय?"

सासऱ्यांनी पत्रक हातात घेतलं आणि पिवळा काढल्यापासून पहिल्यांदाच दातांवरून नजर वर नेली. वर जावई होता. वांग्यासारखा जांभळा. विहिरीतून बाहेर काढल्यासारखा.

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आत आल्या. हातात तेच पत्रक. जावयाला धडधाकट उभा बघून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"मी? त्या प्रिंटरला विचार! सरळ दात पिवळे छापतो मेला. मेकॅनिक उद्धट, कंपनी चोर. म्हणून मला पिवळा रंग काढावा लागला."

सासूबाईंनी कचऱ्याच्या डब्यातून कालचा पहिला कागद काढला, मांडीवर सपाट केला आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ धरला.

"हसा."

"आत्ता? मी काय हसण्याच्या मनःस्थितीत आहे?"

"हसा म्हणते ना."

सासऱ्यांनी रागारागाने दात विचकले. सासूबाईंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"प्रिंटरने काडीची चूक केलेली नाही. दिवसभर तो काळा चहा ढोसता, दुसरं काय होणार?"

जावई छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" सासरे कडाडले. "स्वतः दातांचे डॉक्टर, आणि मला बोलला नाहीत?"

"बाबा, सासऱ्यांना कसं सांगायचं... म्हणजे मी काल सुचवलं होतं, हसू काढून टाकू म्हणून."

"अहो, पण मी टोनर हलवत बसलो! मेकॅनिकला नाही नाही ते बोललो! एक शब्द बोलला असतात, तर आज गावभर तुमचा जांभळा चेहरा गेला नसता."

यावर जावई काही बोलणार, इतक्यात दार उघडलं. मघाच्या दाटल्या आवाजाच्या बाई शेजारणीला घेऊन भेटायला आल्या होत्या. मागोमाग दम्याची चौकशी करणारे गृहस्थ आले. आणखी दोघे उंबऱ्यातून मान लांब करून डॉक्टर खरंच आहेत का ते बघत होते. दवाखान्यातल्या खुर्च्या पहिल्यांदाच भरल्या. पण दात कोणाचाच दुखत नव्हता, आणि डॉक्टर जिवंत आहेत एवढं कळल्यावर माणसं चपला घालायला लागली.

जावयाचा चेहरा पडला. सासूबाईंनी तो बघितला आणि त्या पदर खोचून उठल्या.

"आलाच आहात तर बसा ना. डॉक्टर एवढा एक पेशंट बघतात. त्यांचा हात किती हलका आहे ते तुम्हीच बघा, मग तुमचेही दात दाखवून घ्या."

"पेशंट? कुठाय पेशंट?" सासऱ्यांनी विचारलं.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

थोड्याच वेळात सासरे आतल्या खुर्चीत आडवे होते. दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं आणि अख्खं दार माणसांनी भरलं होतं. प्रिंटरबद्दल, कंपनीबद्दल आणि हल्लीच्या जावयांबद्दल सासऱ्यांना बरंच बोलायचं होतं.

"बाबा, आ करा. आणखी मोठा. आता अजिबात बोलायचं नाही," जावई म्हणाला. लग्न झाल्यापासून तो या आवाजात त्यांच्याशी कधी बोलला नव्हता. "दुखलं तर फक्त हात वर करा."

सासऱ्यांनी ताबडतोब दोन्ही हात वर केले.

"बाबा, अजून मी हातही लावलेला नाही."