रतनबाईंची मुलाखत

"बाजारपेठ कायदा चालवत नाही, रीत चालवते! सिद्ध करून दाखवतो!" असं कानिफनाथ सरांनी १९८९ साली नगरच्या कॉलेजात भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं. त्यांच्या पीएचडीचा विषयच तो. लहान गावात नवे धंदे कशाच्या जोरावर उभे राहतात, याचा संस्थात्मक सिद्धांताने अभ्यास! सात वर्षं झाली तरी प्रबंध काही हलेना. शेवटी गाईड वैतागले. म्हणाले, "सोमवारपर्यंत ठोस पुरावा आणा, नाहीतर नोंदणी रद्द!"

सर खर्ड्यापुढच्या मोहरवाडीत उतरले. एवढंसं गाव, पण दुकानं एकतीस, आणि एकही कधी बुडालेलं नाही! धंदा काढताना सल्ला कुणाचा घेता, या प्रश्नाला एकतीस जणांचं उत्तर एकच. रतनबाई! सर हरखलेच. रीत चक्क हाडामांसाची निघाली होती.

"कुठं भेटतील त्या?" त्यांनी पंक्चरवाल्या भीमाला विचारलं.

"आत्ताच गेली की छबूबाईच्या हाटेलात!"

हॉटेलातलं बाकडं रिकामं होतं. त्यावर अर्धा कप चहा, अजून वाफाळलेला.

"हितंच बसली हुती," छबूबाई म्हणाली. "म्हनली, नगरचं मास्तर येतंय, चष्मा तडकंल त्याचा."

सरांनी घाईने चष्मा चाचपला. काच टक्कन तडकली! भर दुपारी त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"घर... घर कुठंय त्यांचं?"

"चला, दावते."

छबूबाईने त्यांना ओढ्याकाठी नेलं. बाभळीखाली एक दगड होता. त्यावर कोरलेलं, 'रतनबाई, १९८४'. पुढे ताजी फुलं.

"मेल्यात?" सर किंचाळले.

"व्हय. बारा वर्सं झाली."

"आणि सल्ला?"

"त्येचा काय संबंध?" छबूबाईला खरोखरच प्रश्न कळला नाही.

सरांची बोबडी वळली. पण भुतापेक्षा सोमवार जवळ होता! परतीच्या एसटीत बसून त्यांनी चाळीसच्या चाळीस प्रश्नांची उत्तरं आपणच लिहिली. वर 'प्रत्यक्ष मुलाखत' असं ठळक अक्षरात, आणि खाली स्वतःच्याच अंगठ्याचा ठसा.

सोमवारी गाईडनी सगळं शांतपणे वाचलं. "उत्तम. फक्त एक अडचण आहे. मघाशी त्या येऊन गेल्या. यातलं एकही वाक्य आपलं नाही म्हणाल्या."

"कोण?"

"रतनबाई. चहासुद्धा घेतला नाही."

"शक्यच नाही, सर! ती बाई मरून बारा वर्षं झालीत! दगड पाहिलाय मी!"

गाईडनी हळूच कागद मिटले.

"असं होय? मग मुलाखत कुणाची घेतलीत?"