गजराबाईने इंजिन तापविले त्याची हकीगत

श्री. थंडी धाडणारास एक नमस्कार आणि ऊब करणारास दोन. शके अठराशे नव्याण्णव, पिंगळनाम संवत्सरे, पौष शुद्ध सप्तमीस जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव विचारू नये. ते राज्य उंच पठारावर, आणि तेथे पाट एकच, आणि रीत ऐसी की सप्तमीस सूर्य उगवतेसमयी ज्याचा ट्रॅक्टर पाटाच्या तोंडाशी प्रथम उभा राहील त्यास पाण्याची पहिली पाळी. अकरा वर्षे ती पाळी सुभेदार यादोजीराव यांसच मिळत आली. खालची वाडी खोलगटात. थंडी तेथे येऊन बसे ती उठत नसे. इंजिनातील तेल काकवीसारखे घट्ट होई, आणि स्टार्टर दोनदा कण्हून गप्प होई, आणि उन्हे चढल्याशिवाय वाडीचे ट्रॅक्टर जागे होत नसत. मग पाळी शेवटची, आणि पाणी पोहोचेतो गव्हाच्या ओंब्या पोचट. अकरा वर्षे वाडीने तोच गहू दळून खाल्ला आणि सुभेदार म्हणत आले, "रीत सर्वांस एकच आहे."

त्या वाडीत गजराबाई म्हणोन एक बाई, स्वतः ट्रॅक्टर हाकणारी. तिचा भाऊ फौजेत, बर्फाच्या मुलखी गाड्या दुरुस्त करीत असे. त्याने विजेवर चालणारा हीटर आणून इंजिनाच्या ब्लॉकात बसवून दिला. तीन तास लावावा, म्हणजे आतील पाणी तापते आणि लोखंड ऊब धरते आणि चावी फिरविताच इंजिन बोलते. हे वर्तमान कळताच सुभेदार फार रागास आले आणि हुकूम फर्माविते जाहले की, ट्रॅक्टर गारच जागा करावा; तापवील त्याची पाळी जप्त; आणि सप्तमीस पहाटे कोतवालाने हात लावून खात्री करावी. मग दवंडी पिटली. गजराबाई दवंडीवाल्यासमोरच वायर उलगडीत बोलली, "जा, सांग सुभेदारांना, गजरा हीटर लावणार हाय. लपून न्हाई, दारात लावणार."

सप्तमीस पहाटे कोतवाल सटवाजी चार प्यादे आणि एक कारकून घेऊन वाडीत दाखल जाहले. थंडी ऐसी की प्याद्यांच्या मिशांवर दहिवर जमले आणि कारकुनाची बोटे लेखणीभोवती वळेनात. दारात ट्रॅक्टर, त्यास वायर लावलेली. कोतवालांनी करडा चेहरा करून इंजिनावर हात ठेविला. तो तेथेच राहिला. मग दुसराही ठेविला. मग एक प्यादा, "मीबी खात्री करतो," म्हणोन पुढे जाहला, आणि मग उरलेले तिघे, आणि मग कारकून. सुभ्याची सारी फौज ट्रॅक्टरास बिलगून उभी राहिली.

इतक्यात सुभेदार आपला ट्रॅक्टर घेऊन पाटाकडे निघाले होते, ते मजा पाहावयास वाडीत थांबले आणि खाली उतरले आणि पुसते जाहले, "सटवाजी, गरम आहे काय?"

सटवाजी दोन्ही हात न काढता बोलिले, "गार हाय, सरकार. निव्वळ बर्फ."

"कोतवालदादा, माझ्यापायी खोटं नका बोलू," गजराबाई म्हणाली. "गरम हाय. सुभेदार, तुमचा ट्रॅक्टर रोज कुठं उभा असतो? तुमच्या न्हाणीच्या भिंतीला. पल्याड तुमचा बंब पेटतो, आन त्याची ऊब खाऊन हा अकरा वर्सं पयला येतोय. कढत पाण्याबिगर तुम्ही अंगावर तांब्या घेत न्हाई, आन माझ्या ट्रॅक्टरनंच गार उठायचं व्हय? लिवा कारकून, गरम हाय. पुढल्या सालीबी असंल."

सुभेदार गर्जले, "जप्त करा!" परंतु जप्तीस हात लागतात, आणि हात सारे इंजिनावर. गजराबाई वर चढली, चावी फिरविली, आणि इंजिन पहिल्या हाकेस उठले. घाईत वायर काढावयाची राहिली, ती भिंतीतून उपटून मागे शेपटासारखी फरफटत गेली. वाट अरुंद, सुभेदार मागून भोंगा वाजवीत राहिले आणि ओलांडू शकले नाहीत. सूर्य उगवला तेव्हा पाटाच्या तोंडाशी गजराबाई, आणि पाणी वाडीकडे सुटले, आणि त्या साली ओंब्या भरल्या.

तात्पर्य इतुकेच. गरम लिहिले तर बंबाची गोष्टही निघेल, म्हणोन मागाहून सुभ्यातून हुकूम आला की दप्तरी "ट्रॅक्टर गार होता, बाईने पाळी बळे घेतली" ऐसे लिहावे. तो कारकून मी. ट्रॅक्टर गरम होता. माझी बोटे त्यावरच शेकली, म्हणोन हे लिहिता आले.