शेषराव जेवत नाहीत

आमच्या शेजारचे बंडूभाऊ अजगराला अहो-जाहो करतात. सख्ख्या मेहुण्याला अरे-तुरे, पण काचेच्या पेटीतल्या त्या चार फुटी जनावराला मात्र, "घ्या नं जी शेषराव, लाजू नका!"

अजगर त्यांच्या लेकीचा. परदेशी जातीचा, रीतसर कागदपत्रं असलेला, स्वभावाने गरीब. ती इतकी वर्षं शिकायला बाहेरगावी होती; नोकरीसाठी बंगलोरला जाताना त्याला बापाच्या हवाली करून गेली. लेकीकडून आलेला म्हणजे जावयाच्या मानाचा, असं बंडूभाऊंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

बंडूभाऊंनी कळमन्याच्या बाजारात तीस वर्षं धान्याची अडत केली. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, तेव्हापासून घरात एकटेच. स्वयंपाक फर्मास करतात आणि त्यांच्या दारातून उपाशी सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. कुरिअरवाला असो की मीटर बघायला आलेला, पाटवडीचा रस्सा ठरलेला. ताटावर हात आडवा धरला, तर ते हातावर वाढतात. मी स्वतः भाजून घेतलं आहे.

अशा माणसाकडे पाहुण्याने सहा आठवडे अन्नाला तोंड लावू नये!

बंडूभाऊ कट्टर शाकाहारी, घरात अंडं येत नाही. तरी शेषरावांच्या गोठवलेल्या उंदरांसाठी त्यांनी वऱ्हांड्यात वेगळा छोटा फ्रीज घेतला. उंदीर कोमट पाण्यात गरम करताना नाकाला दुपट्टा बांधायचा, तोंडाने रामनाम घ्यायचं, आणि मग तो चिमट्यात धरून शेषरावांपुढे हलवत बसायचं. "एक घास आमच्या लेकीसाठी!" शेषराव वेटोळं आवळून डोकं आत खुपसत. दिवसातून चारदा हा आग्रह. वर "रुसले का जी?" आहेच.

लेक दिवाळीला येणार होती. एकदा बंडूभाऊ रडकुंडीला येऊन म्हणाले, "पोट्टी भरवशानं ठेवून गेली, मास्तर. ते माह्या घरी उपाशी मेले त कोणतं तोंड दाखवू तिले?"

मी सापाला घाबरतो. पण त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून स्कूटर काढली. मागे मांडीवर छोट्या खोक्यात शेषरावांना घेऊन बंडूभाऊ. जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना येईपर्यंत मी पाठ ताठ ठेवली होती, ती अजून दुखते.

डॉक्टरांनी तपासलं. तब्येत ठणठणीत.

"थोडं मीठ लावून देऊ का जी?" बंडूभाऊंनी विचारलं.

"तुम्ही खायला देता तेव्हा समोर बसता का?"

"म्हणजे काय! पाहुण्याले एकट्याले जेवू घालते का कोणी?"

डॉक्टर हसले. "काका, तो तुम्हाला घाबरतो. उंदीर ठेवा, पेटीवर चादर टाका आणि घराबाहेर जा. त्याला एकट्यानंच खायचं असतं."

घराबाहेर म्हणजे आमच्याकडे. रात्री चादर टाकून बंडूभाऊ आले. आमची जेवणं झाली होती, बायकोने त्यांना ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, भाजीला लावली आणि परत ठेवली.

"काहून भाऊजी, तिखट झालं का?" बायकोने विचारलं.

"नाही वहिनी. भाजी चांगली आहे." ताटाकडे बघतच ते म्हणाले, "बायको गेल्यापासून मले एकट्यानं घास उतरत नाही. कोणी आलं त जेवतो. नाही आलं त चहा-टोस्ट. इतके दिवस शेषरावांच्या पेटीपुढं ताट घेऊन बसून राहिलो होतो. वाटे, ते खातीन त मीबी खाईन."

दोन वर्षं आम्ही त्यांच्या आग्रहाची टिंगल करत होतो. मला माझीच लाज वाटली. मी उठून त्यांच्याशेजारी बसलो आणि अर्धी भाकरी घेतली, तेव्हा कुठे त्यांनी पहिला घास तोंडात घातला.

सकाळी ते धावतच आले. "खाल्लं गा मास्तर! शेपूटबी नाही ठेवलं!" आनंदाने माझे दोन्ही हात हलवले, आणि मग पायरीवर मटकन बसले.

"त्याइले एकट्यानं जमते," ते म्हणाले. "मले काहून नाही जमत?"

माझे पोहे नुकतेच खाऊन झाले होते. मी आत वळून बायकोला हाक मारली, "आमाले दोघाइले वाढ वं. लय भूक लागली मले."