जुजेचा डावा हात

पेद्रू मिस्त्री संतांना शिव्या द्यायचा. तोंडावर, भर देवळात.

ठाण्याच्या खाडीकडेला पोर्तुगीजांच्या वेळचं एक चर्च आहे. इथले किरिस्तांव त्याला देऊळच म्हणतात. सणाला वसई-उत्तनहून होड्या भरभरून माणसं यायची, नवसाचे मेणाचे हातपाय वाहायची. आत पिळाचे खांब, त्यांवर सोनेरी द्राक्षवेल, आणि जागा सापडेल तिथे गुबगुबीत गालांचे देवदूत. या सगळ्या लाकडी मंडळींची डागडुजी पेद्रूकडे. एखाद्या संताचा पाय पोखरलेला दिसला की हा शिडीवरून ओरडायचा, "परत किडलास? नुसता उभा रावाचा काम, तो पन जमत नाय!"

खास राग संत योसेफवर. येशूला वाढवणारा हा बाप धंद्याने सुतार. पेद्रू त्याला 'जुजे' म्हणायचा. "तू पन सुतार, मी पन सुतार. तुला सोन्याचा झगा, न मना फाटका गंजीफ्राक! कदी रंदा तरी मारलास काय रे?"

मी तेव्हा ठाण्यातच, खोपट भागात राहायचो आणि शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. मुंबईची चित्रकलेची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाल्यामुळे कलेतलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. रविवारी दुपारी देवळात बसून मूर्तींची रेखाटनं करायची आणि पेद्रूला ऐकू जाईल अशा बेताने 'छायाप्रकाश' वगैरे शब्द उच्चारायचे. तो विचारायचा, "मास्तर, चितार काडला की जुजेचा पाय बरा होतो काय?"

मग नवे फादर आले. त्यांना सगळं लख्ख हवं होतं. जुजेची मूर्ती ठेवावी, की प्लास्टरची नवी मागवावी, असं त्यांनी मला विचारलं. मला! बायकोने भाजीबद्दलसुद्धा कधी माझं मत मागितलं नव्हतं. मी फूटपट्टी घेऊन गेलो.

"वाळवीचं सोडा, फादर. रचनाच सदोष आहे. बाळ येशूला धरलेला हा डावा हात बघा. उजव्याच्या दीडपट! शरीरशास्त्रात हे बसतच नाही."

पेद्रू शेजारीच उभा होता. एरवी तोंडाचा पट्टा चालू. त्या दिवशी शिडी खांद्यावर घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, हरला.

फादरनी प्लास्टरची मूर्ती मागवली. आशीर्वाद दिलेली जुनी मूर्ती विकत नाहीत, फेकत नाहीत. तुकडे करून जाळायची आणि राख पुरायची, अशी किरिस्तांवांची रीत. काम अर्थातच पेद्रूकडे आलं. मी विजयी मुद्रेने बघायला गेलो. देवळामागच्या आवारात मूर्ती आडवी ठेवलेली, करवत बाजूला.

"कापली नाहीस अजून?"

"कापला तर पोऱ्या सुटंल."

मी हसलो. चक्क हसलो.

"तो हात मी केलेला, मास्तर," पेद्रू म्हणाला. "मिठागराकडं जाताना होडी कलंडली. माझा पोऱ्या चार वर्सांचा. या हातात होता." त्याने आपला डावा पंजा उघडून बघितला. "निसटला. मंग दोन महिन्यांनी जुन्या पाद्रीबाबांनी जुजेचा मोडका हात नवा कराला सांगितला. आदीचा हात बारीक होता. मना वाटला, त्यातून हा पन निसटंल."

असल्या वेळी गप्प बसावं, एवढीही अक्कल मला नव्हती. म्हणालो, "मी फादरना सांगतो, माझं मत बदललं म्हणून."

"नवा जुजे काल आला. पेटीतून मीच काडला."

"मग हा हात तरी कापून घरी ने."

"नुसता हात नेऊ? न पोऱ्याचा काय?"

त्याने मूर्ती अख्खीच पेटवली. पोखरलेलं जुनं लाकूड भराभर गेलं. झगा गेला, दाढी गेली, बाळही गेलं. हात मात्र सागाचा, पेद्रूने पारखून आणलेल्या लाकडाचा, तो जळेना. निखाऱ्यांत बोटं वाकवून तसाच पडून राहिला, रिकामा. पेद्रू उकिडवा बसून त्याच्याकडे बघत होता.

"मास्तर," तो न वळता म्हणाला, "तो रॉकेलचा डबा दे."

मी दिला.