कान गेलेले कप

शोकेसला हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही हेही विचारायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम होता. शोकेसमध्ये आई-बाबांच्या लग्नात आलेला चिनी मातीचा टी-सेट होता. चोवीस कप, चोवीस बश्या आणि एक पोटफुगी किटली. सव्वीस वर्षांत त्यातून कुणी घोटभर चहा प्यायलं नव्हतं. घरचे लोक टवके उडालेल्या मगांतून पीत, पाहुणे कागदी कपांतून, आणि सेट काचेआडून दोघांकडे बघत बसे.

घरातल्या धाकट्या लेकीने हा नियम कधीच मोडला नव्हता. (एकदा मोडला होता, चौथीत असताना. पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

आता मात्र कॉलेज संपवून ती घराच्या कचऱ्याच्या बादलीकडे डोळे उघडे ठेवून बघायला लागली होती. बाबा रिटायर झाले. रविवारी ऑफिसातली वीस माणसं घरी चहाला यायची होती. बाबांनी शनिवारी सकाळी कागदी कपांचं पाकीट आणलं.

"वीस माणसांना शंभर कप?"

"पाकीट शंभरचंच मिळतं."

"आणि उरलेल्या ऐंशींचं काय?"

"ठेवू पुढच्या वेळेला."

"बाबा, तुम्ही एकदाच रिटायर होणार आहात!"

असं म्हणून धाकटीने पाकीट उचललं, दुकानात परत देऊन आली आणि शोकेसची किल्ली मागितली. सगळे एकदम शोकेसकडे बघायला लागले. शेवटी बाबा म्हणाले, "काढ. पण उद्या एकाही पाहुण्याची गैरसोय झाली, तर कचरा, प्लास्टिक, पृथ्वी हे विषय या घरात बंद. जन्मभर."

"आणि नाही झाली तर कागदी कप बंद. तेही जन्मभर," धाकटी म्हणाली.

दुपारी ती कप पुसायला बसली. पाणी वाचावं म्हणून कप नळाखाली न धरता तिने नुसतं ओलं फडकं फिरवलं. तेवढ्यात आजी पाय न वाजवता आली.

"मागच्या रांगेतला तिसरा कप राहू दे गं. माझ्या भावाची आठवण आहे."

"चोवीसही त्यानेच दिलेत ना?"

"त्यातल्या त्यात हा."

आजी गेली तशी आई आली. "सगळे कशाला काढतेस? दोन राहू देत. अडीअडचणीला." एरवीही सणावाराला येणाऱ्या आणि आता सोहळ्यासाठी आलेल्या आत्याने कोपऱ्यातल्या तीन कपांचा रंग उतरल्याचं सांगितलं, जो मुळीच उतरला नव्हता. बाबा तर म्हणाले, "डावीकडचा काढू नकोस. शोकेसचा तोल जाईल."

जुन्या माणसांचा जीव वस्तूंत अडकतो तो असा, असं म्हणून धाकटीने एकूण एक कप बाहेर काढला. किटलीही काढली, पण ती ट्रेमध्ये नुसती शोभेला राहील असं जाहीर केलं. का, ते कुणी विचारलं नाही. (त्या घरात का विचारायची पद्धतच नव्हती.)

रविवारी चहा आला. मोठे साहेब कप हातात घेऊन उभे राहिले. बाबांना अचानक चहा नको झाला. आजी डोळे मिटून बसली.

"तीस वर्षांत," साहेब म्हणाले, "यांनी ऑफिसातली एक गोष्ट कधी तुटू दिली नाही..."

टक्! कपाचा कान साहेबांच्या बोटात अंगठीसारखा राहिला आणि कप चहासकट पँटवर उतरला. पाठोपाठ कॅशियरबाईंचा कान गेला. मग टायपिस्टचा. टक्, टक्, टक्. पाहुणे बिचारे भले. उरलेला चहा त्यांनी कप ओंजळीत धरून प्यायला, साहेबांनी ओल्या पँटनिशी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि मंडळी हसत हसत गेली.

दार लागलं. टेबलावर सात कान ओळीने मांडून धाकटी उभी राहिली. "हे काय आहे?"

आजीने त्यातला एक कान उचलून डोळ्यांजवळ धरला. मग ती म्हणाली, "पुसताना गेला होता गं. डिंकाने लावला."

"अगंबाई, तुम्हीही?" आई म्हणाली. "माझे दोन आहेत."

आत्याचे तीन निघाले. बाबांनी एक ऑफिसच्या गोंदाने चिकटवला होता. इतकी वर्षं चौघंही एकमेकांना चुकवून शोकेसची राखण करत होती, आणि आता गुन्ह्याची चौघांत वाटणी झाल्यावर चौघांना भलताच मोकळेपणा आला.

"झालं ते झालं," बाबा म्हणाले. "साहेबांचा चहा पँट प्यायली, म्हणजे तू हरलीस. हे सगळं टाकून दे, शोकेससाठी नवा सेट आणू. पाहुण्यांना कागदी."

"नाही!" धाकटी कडाडली. "एकही कप मी टाकणार नाही आणि टाकू देणार नाही. कान गेला म्हणून कप मेला का? चहा काय कानात ओततात? सव्वीस वर्षं फुटके कप काचेत जपलेत आणि धडधाकट कप एका घोटात उकिरड्यावर फेकलेत! पैज हरले असेन, पण गप्प बसणार नाही. आणि आजपासून ज्याच्या हातून जे फुटेल, त्याने ते तिथल्या तिथे कबूल करायचं. लपवाछपवी बंद! बसा. याच कपांतून चहा देते तुम्हाला."

आवेशात तिने हाताला लागली ती किटली उचलली. उरलेला चहा गरम राहावा म्हणून आईने तो तिच्यातच ओतून ठेवला होता. धाकटीने ती आजीच्या बिनकानी कपावर वाकवली.

चौघंही गप्प झाली. आत्यासुद्धा, जिला गप्प बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पटलं एकदाचं, असं धाकटीला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे कुणी बघतच नाहीये. सगळे आजीच्या कपात बघताहेत.

कपातून किटलीची चोच वर डोकावत होती. तिच्या तुटक्या कडेला चमचमतं गुलाबी नेलपॉलिश थापलेलं होतं. चौथीतल्या मुली लावतात ना, तसलं.